शिसवाची पाठ

"मिस्त्री, आता तुम्हीच काय ते सांगा," म्हणत वादकाने नवीकोरी गिटार म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. "वाजते छान. खालचे सूर तर अगदी पोटभर आहेत. पण सूर सोडला की मागे काही रेंगाळत नाही. पाठ आणि बाजूच्या कुशी शिसवाच्या ठरल्या होत्या. आहेत ना शिसवाच्या?"

म्हातारा खाटेवर उशांना टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. दाराशी त्याची मुलगी उभी होती. म्हातारा अंथरुणाला खिळल्यापासून पुढचा कारखाना तीच बघत होती. ही गिटार तिने बापाला न दाखवता, एकटीनेच पुरी केली होती.

"शिसवाचीच आहे," ती म्हणाली. "सांगितलं ना मघाशी."

"तुमच्यावर अविश्वास नाही हो ताई. पण यांचा शब्द म्हणजे शब्द."

म्हाताऱ्याने हात लांबवून ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. त्या घरघरीत त्याला काही ऐकू आलं नसतं.

"बाबा, नका ना."

"लगेच नाही मरत मी."

त्याने गिटार उचलली आणि तिथेच त्याला शंका आली. हलकी होती. त्याने ती उलटी करून पाठीवर बोटाच्या पेराने टकोरा मारला. शिसवाचं लाकूड घंटेसारखं वाजतं, टकोरा संपला तरी आवाज संपत नाही. इथे आवाज उठला आणि ओल्या मातीत ढेकूळ पडावं तसा पडला. हे महोगनीचं लाकूड होतं. वरून शिसवाचा रंग मात्र इतका बेमालूम चढवलेला की वादकाचं सोडाच, कुण्या सुताराचेही डोळे फसले असते.

म्हाताऱ्याची कानशिलं तापली. लाकडाच्या बाबतीत गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, एवढंच तर त्याने तिला बजावून शिकवलं होतं. बाकीचं हात आपोआप शिकतात. माळ्यावर शिसवाच्या फळ्या पडून होत्या, त्याने स्वतः पारखून घेतलेल्या, वाळून खडखडीत झालेल्या. त्या सोडून हिला ही अवदसा का आठवली?

खडसावायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याचं कोपर गिटारवर टेकलं आणि तो थबकला. कोपर नेहमीपेक्षा उंच बसलं होतं. त्याने कडेने अंगठा फिरवला. कूस बोटभर जास्त खोल. कंबरही त्याच्या साच्यापेक्षा भरलेली. माणूस काय नि गिटार काय, पोट सुटलं की आवाज जाड होतो, हा त्याचाच जुना विनोद. पोरीने तो मनावर घेतला होता. महोगनीत जो खर्ज कमी पडणार तो तिने पोटातून काढला होता. म्हणजे साचा नव्याने केला असणार, कुशी वाकवताना मोडल्या असणार, पुन्हा वाकवल्या असणार, आतल्या पट्ट्या तासतासून आवाज जमवला असणार. शिसवाची गिटार याच्या निम्म्या कष्टात झाली असती.

एका लाकडाला हात लावायला नको म्हणून कुणी एवढा खटाटोप का करेल?

त्याने मान वर केली. मुलगी जमिनीकडे बघत होती. भर उकाड्यात तिने बाह्या पार मनगटापर्यंत ओढल्या होत्या, आणि बाही संपते तिथे लाल चट्टे दिसत होते.

त्याचंही चट्ट्यांपासूनच सुरू झालं होतं. आधी हात, मग डोळे, मग छाती. शिसवाचा भुसा, डॉक्टर म्हणाले होते. सगळ्यांनाच बाधतो असं नाही, असंही म्हणाले होते. ते दुसरं वाक्य त्याने मुलीच्या हाती कारखान्याची किल्ली देताना तिला ऐकवलं होतं.

"काय मिस्त्री?" वादकाने विचारलं.

"शिसवाचीच आहे."

"मग सूर का..."

"नवी आहे. लाजतंय लाकूड अजून. वाजवत राहा, कंठ फुटेल."

वादकाचा चेहरा उजळला. त्याने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, गिटार पेटीत ठेवली आणि तो गेला.

मुलगी लगबगीने मशीन सुरू करायला वाकली. म्हाताऱ्याने तिचं मनगट पकडलं आणि बाही वर सारली. चट्टे कोपरापर्यंत गेले होते. खाजवून खाजवून कातडी सोलवटली होती.

"कधीपासून?"

"बाबा, नंतर बोलू. आधी तुमचं..."

"कधीपासून, विचारतोय मी."

"तुम्ही किल्ली दिलीत ना," ती म्हणाली, "त्याच्याही आधीपासून."

"मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

"सांगून काय झालं असतं? शिसव नसेल तर आपल्याकडे येतं कोण?"

आयुष्यभर तोही हेच म्हणत आला होता.

"वळ," तो म्हणाला.

ती खाटेच्या कडेवर पाठमोरी बसली. म्हाताऱ्याने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि तिच्या पाठीला कान लावला.

"श्वास घे."

तिने श्वास घेतला. आत खोल, तळाशी, बारीकशी शिट्टी वाजली. ती त्याच्या चांगल्या ओळखीची होती. पहिल्याच श्वासात त्याला कळायचं ते कळलं.

तरी तो म्हणाला, "पुन्हा घे."