गोधडीवरचा लॅपटॉप

"आई गं!" सम्यकने पलंगावरचा लॅपटॉप उचलला आणि चटका बसून लगेच खाली सोडला. आतला पंखा जिवाच्या आकांताने घरघरत होता.

बऱ्याच रविवारांनी तो घोडबंदर रोडवरून विठ्ठलवाडीला आईकडे आला होता. बायकोसोबत तिकडे राहायला जाताना हा जुना लॅपटॉप त्यानेच मागे ठेवला होता. त्याची आई, कांताबाई, तो रोज सकाळी चालू करायच्या आणि पलंगावर गोधडीची घडी घालून तिच्यावर ठेवायच्या.

"अगं, गोधडीवर ठेवतात का? हवेची जाळी खालीच असते. ती बुजली की आत तापतं, मग पंखा जोरात पळतो आणि लवकर जातो. आणि दिवसभर ह्याच्यावर बघतेस तरी काय?"

"बातम्या," कांताबाई म्हणाल्या.

धडधडीत थाप. घरातलं वायफाय सम्यकने स्वतःच बंद केलेलं. पण साहेब स्क्रू शोधण्यात गुंतले होते.

खालच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्याने लॅपटॉपचा नवा पंखा आणि एक जाळीचा स्टँड आणला आणि खिडकीशी पाठमोरा बसला. लॉकडाऊनमध्ये तो असाच इथे बसून ह्याच लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचा. पंख्याची घरघर चालू असायची, मागे कांताबाई भाजी निवडायच्या. बोलणं काहीच व्हायचं नाही. पण घरात कुणीतरी असायचं. आज कांताबाईंना तसंच वाटलं. फार बरं वाटलं.

"चहा ठेवू का रे?"

"हं," तो न वळता म्हणाला.

काम झालं. लॅपटॉप त्याने टेबलावर, त्या स्टँडवर ठेवून चालू केला. "बघ, आवाजसुद्धा नाही. आता चार-पाच वर्षं ह्याला मरण नाही." मग बूट घालता घालता वैतागून म्हणाला, "पण परत गोधडीवर ठेवलास ना, तर महिन्याभरात मलाच यावं लागेल!"

तो गेला. घर चिडीचूप झालं. पोराने काम चोख केलं होतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पण ज्या घरघरीसाठी कांताबाई रोज लॅपटॉप लावायच्या, तीच तो दुरुस्त करून गेला होता. त्यांना रडूच आलं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. स्टँड पलंगाखाली सरकवला. गोधडी काढली. रोज तिची एक घडी घालायच्या.

आज त्यांनी दोन घातल्या.