निळ्या भांड्यातली पाई

“गोड आहे,” सून म्हणाली.

“गोड तर औषधही असतं. नीट सांग, कशी लागते?”

सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या. सुनेने चमचा पुन्हा तोंडात घातला आणि डोळे मिटले. कस्टर्ड पाईची ही तिची सातवी खेप होती.

“आधी दूध लागतं. मग लिंबाची साल, पण अगदी मागून. प्लमचा आंबटपणा जिभेच्या कडेला येतो आणि लगेच जातो.”

“लगेच जातो? मग फोडी जाड काप. तो जरा रेंगाळला पाहिजे.”

ही पाई घरात चार पिढ्या चालत आलेली. खाली मैद्याची पारी, आत अंडी-दुधाचं कस्टर्ड, वर परसातल्या झाडाचे ताजे प्लम. भाजायची ती एकाच भांड्यात, निळ्या चिनीमातीच्या. भांड्याच्या कडेला एक टवका उडालेला होता. तो सासूबाईंच्या हातून, त्या या घरात नव्या असताना. भांडं सासूकडून सुनेकडे जायचं, पण सुनेचा हात बसल्यावरच. दोन वर्षांपूर्वी सासूबाई लांबलचक तापातून उठल्या आणि म्हणाल्या, “माझे हात थकले. आता तू शीक.”

शिकवणं कडक होतं. दूध उकळलं की, कस्टर्ड ढवळलं की आणि पाई भाजून झाली की, असं तीनदा चाखायला लावायच्या आणि तिन्ही वेळा तेच विचारायच्या. नुसतं ‘छान’ म्हटलेलं चालायचं नाही.

एकदा सून वाळलेले कपडे काढायला गेली आणि इकडे दूध करपलं. वास पार परसात आला. ती धावत आत आली, तर सासूबाई शेगडीपासून दोन हातांवर शांतपणे प्लम पुसत बसलेल्या.

“आई, दूध जळलं की.”

त्यांनी चमकून पातेल्याकडे पाहिलं. “लक्ष तुझं हवं होतं,” एवढंच म्हणाल्या.

“तुझ्या आई मास्तरीण व्हायच्या,” सून नवऱ्याला म्हणाली, “त्या चुकून सासू झाल्या.”

त्या रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला यायचे होते. पाई सुनेने करायची, आणि जमली तर भांडं तिचं, असं ठरलं होतं. सकाळी साखरेची बरणी रिकामी निघाली. सुनेचे हात पिठात होते, म्हणून सासूबाईंनीच कोठीतून पुडा आणून बरणी भरून ठेवली. तेवढ्यात पाहुणे आले आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

सुनेने पारी लाटून भांड्यात बसवली. दुधात लिंबाची साल घातली, अंडी फेटली, बरणीतून मापाने काढून घातलं, ढवळलं. सवयीने चमचा हातात घेतला. पण कशी लागते म्हणून विचारायला आज स्टुलावर कुणी नव्हतं, आणि घड्याळ पुढे पळत होतं. तिने चमचा ठेवून दिला आणि फोडी मांडायला घेतल्या. जाड.

पाई टेबलावर आली तेव्हा मधोमध अजून हलकी थरथरत होती. प्लमचा लाल रस कडेला उतरला होता.

“रंग तर आईच्यासारखाच आलाय, वहिनी,” नणंद म्हणाली. “मी हे भांडं मागितलं, तर मला म्हणाली, तुझ्यात धीर नाही.”

“तो अजूनही नाही,” तिचा नवरा रिकाम्या बशीकडे बघत म्हणाला.

पहिला तुकडा घरातल्या थोरल्या बाईचा. सासूबाईंनी कस्टर्ड चमच्याने दाबून पाहिलं. एक घास घेतला. मग दुसरा. सून हातातलं फडकं पिळत उभी होती.

“हीच,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंच्या हातची. आजपासून भांडं तुझं.”

सुनेने भांडं उचलून आत नेलं आणि उरलेल्या पाईचे तुकडे कापले. सुरीला लागलेलं कस्टर्ड बोटाने पुसून तोंडात घातलं. मग ती बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली. डोळे भरून आले होते.

“वहिनी, आणतेस ना?” बाहेरून हाक आली.

ती भांडं घेऊन निघाली. दारातच तिचा तोल गेला. भांडं पालथं पडलं आणि कस्टर्ड फरशीभर पसरलं.

“अगं, बघून तरी चालायचं,” नणंद म्हणाली. “भांडं हातात येऊन दोन मिनिटं नाही झाली.”

“पाय अडकला,” सून म्हणाली. कुणी वाकायच्या आत तिने सगळ्यावर फडकं टाकलं आणि एकटीने पुसून काढलं. नणंदेच्या नवऱ्याने बिस्किटांवर भागवलं. नणंद जाईपर्यंत गाल फुगवून होती.

सासूबाईंनी भांडं उचलून उजेडात धरलं. जुन्या टवक्याशेजारी नवा टवका उडाला होता.

“आता जोडी झाली,” त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी झाकून ठेवलेली आपली बशी पुढे केली. “माझ्यातला घासभर ठेवलाय तुझ्यासाठी. इतकी सुरेख झाली आणि तुलाच मिळाली नाही. खा. आणि नीट सांग, कशी लागते.”

सुनेने तो घास तोंडात घातला. सावकाश चावला. कणही टाकला नाही.

“आधी दूध लागतं,” ती म्हणाली. “दाट. मग प्लम. या वेळी आंबटपणा रेंगाळतो, आई. फोडी जाड कापल्या ना. आणि लिंबाची साल, गेली म्हणता म्हणता परत येते.”

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “अशीच लागायची.”

त्या आडव्या झाल्यावर सून लागोपाठ दोन पेले पाणी प्यायली. मग तिने साखरेची बरणी खाली काढली, आणि सासूबाईंनी सकाळी भरलेलं मीठ मिठाच्या डब्यात ओतलं.