वहिनी काय म्हणतात?

काल सकाळी लंबूच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले."

परदेशात आम्ही दोघे एकाच कारखान्यात वेल्डर होतो, खोल्याही समोरासमोर. माझ्या बायकोच्या हातचं जेवून लंबू तिचा दीरच झाला होता. परतल्यावरही फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी काय म्हणतात?"

"हल्ली काही बोलत नाही," मी वर्षभर सांगत आलो. त्याचं हृदय अधू झालेलं, म्हणून तेवढ्यावरच भागवायचो.

"रुसल्या असतील. येऊन समजूत काढतो," तो हसायचा.

मुलगी पुढे म्हणाली, "काकूंना एवढ्यात सांगू नका. त्यांना सोसणार नाही, असं बाबांनी बजावलं होतं."

 

ती वर्षापूर्वीच गेली, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.