डावीकडचा कापूस

मूठभर कापूस. लातूरच्या जिनिंगमधला, सरकी काढलेला.

दवाखान्याची इंग्रजी चिठ्ठी. मुरुडच्या पटवाऱ्याला मोडी येते, उर्दू येते. ही येत नाही.

हरभऱ्याच्या घुगऱ्या, अजून कच्च्या.

एक पाठ. आज धपाटे खाण्यासाठी.

बारशाला आत्यानं बाळाला मांडीवर घ्यायचं, कानात नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. बाळाच्या बापाला, रामकिशनला, सख्खी बहीण एकच, सगुणाबाई. ती परसात चुलीपुढं बसली होती. दोन वर्षांमागं मिशनच्या दवाखान्यात तिचा डावा स्तन कापून काढला. तेव्हापासून चोळीत कापूस असतो. तेव्हापासून ती कुणा बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. कोणी नको म्हटलेलं नाही.

"आत्या कुठं दडली गं?" आतून शेजारची कमलम्मा ओरडली. "पाठीला तेल लावून राहिली काय?"

हशा पिकला. सगुणाबाईही हसली आणि चुलीत लाकूड सारलं.

बाळंतीण पंचफुला दारापर्यंत आली. "वन्सं, चला की. पोरगी जागी हाय तंवर."

"केवळाबाईला म्हण. ती बी आत्याच की."

"चुलत हाय ती."

"चुलत हाय, पर धड हाय."

पंचफुला दारातून हलली नाही.

"राग धरू नको," सगुणाबाई म्हणाली. "माझ्या हातानं तुझा पान्हा आटला, तर कुठं तोंड दाखवू?"

"डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं, आक्का?" पोरीला घेऊन रामकिशन मागून आला होता. "बरी झालीस तू. कुणाला काही होत न्हाई."

"डॉक्टरीण गेली तिच्या मुलखाला. इथं मला राहायचं हाय."

"नाव तूच काढलंस ना? मग तूच सांग."

त्यानं पुढं ऐकून घेतलं नाही. पोरगी तिच्या मांडीत ठेवली.

सगुणाबाईचे हात आपोआप हलले. एक मानेखाली गेला, एक पाठीखाली. ती वाकली. आतल्या बायका दाराशी गोळा झाल्या. कमलम्मानं हात उगारूनही ठेवला.

"गो…" सगुणाबाई म्हणाली.

पोरीनं तोंड वळवलं. डावीकडं. थोडं शोधलं, मग चोळीचं कापड ओठांत धरून चोखू लागली. डोळे मिटून, मन लावून. कापूस भिजत गेला.

"काढ! काढ हिला!" सगुणाबाई ओरडली.

रामकिशननं पोरगी उचलली. ती किंचाळून रडू लागली.

"तोंड धू तिचं," सगुणाबाई म्हणाली. "पंचफुला, आधी तोंड धू. गरम पाण्यानं. मग पाज."

कमलम्माचा हात हळूच खाली आला.

नाव आत ठेवलं गेलं. केवळाबाईनं सांगितलं. गोदावरी. मग धपाटे, मग खिदळणं. परसात प्रत्येक धपाट्याला सगुणाबाईची पाठ जराशी आक्रसत होती. घुगऱ्या तळाला लागल्याचा वास सुटला. चोळीवर डावीकडं रुपयाएवढा ओला डाग होता, पान्हा फुटल्यावर पडतो तसा. तिनं त्यावर पदर ओढला.

रामकिशन तीन दिवसांचा असताना त्यांची आई गेली. सगुणाबाईच्या अंगावर तेव्हा तिची पहिली मुलगी होती. तिनं दोघांना पाजलं. मुलगी उजवीकडं, भाऊ डावीकडं.