राखणीची घाणेरी

मूळ काही हलेना. चौघांनी पहारी लावल्या, बुंध्याला दोर बांधून ओढलं. दोर तुटला. घाणेरीचा उग्र वास तेवढा वर आला.

"खालून कोणतरी धरलाय," घाम पुसत अक्षय म्हणाला. तो या कामासाठी मुंबईहून रजा काढून आला होता. सगळे हसले. बांधावर बसलेली गोदूबाई हसली नाही.

कापडे गावच्या ओढ्याकाठच्या बागेतली घाणेरी काढायचं हे तिसरं वर्ष. गावची पोरं दरवर्षी बाग मोकळी करत. दिवाळीपर्यंत घाणेरी याच एका जाळीपासून पुन्हा पसरे, चहूबाजूंनी सारखी, गोल. जाळीवर काळी फळं पिकत, पण पाखरू बसत नसे.

"सगळ्यांची आई हीच आहे," तेजश्री म्हणाली. काम तिच्याच पुढाकाराने चाललं होतं. "उद्या जेसीबी बोलावू."

गोदूबाई उठली. "त्याचा दात किती खोल जातो गो?"

"जाईल पाच-सहा फूट. का, आजी?"

"माझी पोर हाय खाली."

तेजश्रीने पहार हळूच खाली ठेवली.

"नवव्या दिवशी गेली. बारसंपण नाय झालं. एवढ्याशा जिवाला जाळत नाय, पुरतात. तेव्हा हितं कोल्ही लय. उकरू नये म्हणून वर काटं टाकायची रीत. पण बापयमाणसं पुरून आली नि काटं टाकायला इसरली. मी ओली बाळंतीण, चोरून आले. मास्तरांनी शाळेच्या कुंपणाला फुलांची म्हणून घाणेरी लावलेली. तीच तोडली नि हितं खोचली. म्हटलं, बाय, घट्ट धरून रहा. कुणाला जवळ येऊ देऊ नको."

"मग राहू दे, आजी. एवढी जाळी सोडून देऊ आपण."

"नको. सगळी बाग खाल्लीन तिने."

गोदूबाई जाळीत शिरली. तिच्या लुगड्याला एकही काटा अडकला नाही. बुंध्याशी बसून तिने मातीवर हात ठेवला आणि हळूहळू थोपटू लागली.

"कोल्ही कधीच गेली गो बाय. सोड आता."

तिने एका हाताने बुंधा उचलला. मूळ अलगद वर आलं. त्याच्या टोकाची माती कोमट होती.