डाव्या चाकाची चकती

"उतरा मालक. आता परत बसा," नाथाजी मिस्त्री म्हणाला.

हंबीरराव उतरला आणि परत स्टेअरिंगवर बसला. नाथाजीनं डाव्या मागच्या टायरवर, मडगार्डच्या कडेखाली बोटं घातली होती. कड खाली आली तसा त्यानं हात ओढून घेतला.

"तुमी बसताय उजवीकडं," तो म्हणाला, "आन् गाडी बसतीय डावीकडं."

गाडी लाल रंगाची, उघडी, दोनच माणसांची. विलायती स्पोर्ट्स गाडी. हंबीररावाच्या थोरल्या भावानं, कॅप्टन लालासाहेबानं हौसेनं घेतलेली. रजेवर आला की तो हंबीररावाला चालवायला लावायचा आणि आपण डाव्या सीटवर ऐसपैस बसायचा. गडी दांडगा. तो बसला की स्प्रिंगा कुरकुरायच्या. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला, आणि गाडी रहिमतपुरात घराशेजारच्या छपरात पडून राहिली.

बाहेर काढली तेव्हा टायर कुजले होते. नवे मिळाले ते जरा रुंद निघाले आणि आतून स्प्रिंगेला घासायला लागले. त्याला इलाज सोपा. चाकाच्या मागं लोखंडाची गोल चकती घालायची, म्हणजे चाक बाहेर सरकतं. साताऱ्याच्या नाथाजीनं सांगलीहून लेथवर वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या कातून आणल्या. उजवीकडं पहिलीच चकती बसली. डावीकडं जाड घातली की मडगार्डची कड टायर खायची, पातळ घातली की स्प्रिंग खायची, आणि मधली घातली तर दोघी मिळून खायच्या. गाडी रिकामी असली की मात्र सगळं झकास. हंबीरराव बसला रे बसला की डावी बाजू खाली.

नाथाजी बढाया मारण्यात पटाईत. "असल्या छप्पन गाड्या बघितल्यात," म्हणत त्यानं डावी स्प्रिंग उजवीकडं आणि उजवी डावीकडं टाकली. तरी डावीच बाजू बसली. मग आवाज नीट ऐकावा म्हणून एका सकाळी तो स्वतः हंबीररावाच्या शेजारी बसायला गेला. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. सीटवर टेकला न टेकला तोच ताडकन उठून बाहेर आला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई. सीट ऊन लागली." एवढंच बोलून त्यानं पाना उचलला. त्या दिवसापासून त्या सीटजवळ काम निघालं की त्याचे हात भराभर चालायचे.

इकडं हंबीररावाचं लग्न चंद्राशी ठरलं, आणि आईनं, साळूबाईनं, निर्वाणीचं सांगितलं. "असल्या टायरानं घाटात जीव जाईल. एक ल्योक घालवलाय, दुसरा न्हाई घालवायची. लगीन झाल्यावर सुनंला घिऊन पालीला खंडोबाच्या पाया पडायला निघशील, तवर गाडी नीट झाली तर ठेव. न्हाई तर गिऱ्हाईक हाय, दिऊन टाक."

गाडी देऊन टाकायला हंबीररावाचं मन धजत नव्हतं. भावाचे कपडे वाटून झाले होते. हार घातलेल्या फोटोकडं त्याला बघवत नव्हतं. गाडीत बसला की मात्र जीव शांत व्हायचा. वळणावर तो अजून हळूच विचारायचा, "दादा, घिऊ का तिसऱ्यात?" कुणाला सांगितलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

"आई, गाडी नीट हुईल. चंद्राला तिच्यातनंच नेणार पालीला," तो म्हणाला.

"कुठं बसवणार तिला?"

"माझ्या शेजारी."

"तितं जागा हाय व्हय?" साळूबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. दुःखानं आईचं डोकं फिरलंय, असं त्याला वाटलं. वाईटही वाटलं.

लग्न झालं. कडेगावची चंद्रा सून म्हणून घरात आली. पालीला निघायच्या सकाळी नाथाजी शेवटचा प्रयत्न म्हणून जाड चकती घेऊन अंगणात आला. आशा त्यालाही नव्हती. चाक चढवलं, मडगार्डखाली बोटं घातली आणि म्हणाला, "बसा मालक."

हंबीरराव बसला. डावी बाजू बसली, आणि या खेपेला नाथाजीची बोटंच कडेखाली सापडली. तो कळवळला. तेवढ्यात चंद्रा डोक्यावरचा पदर सावरत गाडीजवळ आली. साळूबाईनं तिच्यासाठी डावं दार उघडलं. चंद्रानं आत ठेवायला पाय उचलला मात्र, स्प्रिंगा कुरकुरल्या आणि गाडी वर आली. चंद्राचा पाय अजून अधांतरीच होता. नाथाजीची बोटं आपोआप सुटली.

मग ती बसली. गाडी जराशी दबली, दोन्हीकडं सारखी. नाथाजीनं परत बोटं घालून बघितली. चार बोटं मोकळी जात होती. त्यानं गाडी पुढं ढकलायला लावली, मागं ढकलायला लावली. आतनं घासत नव्हतं, वरनं लागत नव्हतं.

"बसली, मालक," तो म्हणाला. बढाई मारायचं काही त्याला सुचलं नाही. "आता न्हाई घासायची कवाच."

गाडी आता घरातच राहणार होती. हंबीररावानं डावीकडं बघितलं. तिथं चंद्रा होती आणि दुसरं कुणी नव्हतं. आजवर तिथं कोण होतं, ते त्याला आत्ता कळलं. त्यानं स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि तो पोरासारखा रडायला लागला.

चंद्रा घाबरून गेली. "आत्याबाई, माझं काय चुकलं का?"

साळूबाई फाटकाच्या दिशेनं बघत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"तुझं काय चुकलं न्हाई, बाई. थोरला दीर हाय त्यो तुझा. धाकट्याच्या बायकूला लागून कसा बसंल?"