नव्या सुनेचं नाक

हवा तपासायच्या यंत्रावरचा हिरवा चेहरा हसत होता. प्रदूषणवाल्या साहेबांनी तो ग्रामपंचायतीच्या अंगणात सगळ्यांना फिरवून दाखवला.

"बघा, हवा चांगली आहे. वास तुमच्या सुक्या मासळीचा असेल."

"मासलीचा वास आमाला शिकवता व्हय?" येसूबाई उसळल्या. "कारखान्याचा गॅस हाय तो! रोज ह्याच येळेला, दिवेलागणीला सोडतात."

"मग आत्ता येतोय का कुणाला? एकानं जरी देवाशपथ सांगितलं, तरी असाच कारखान्यात शिरतो."

सगळ्यांनी हुंगून बघितलं. देवाची खोटी शपथ कोण घेणार? खोकला घरोघर होता, पण गावाची नाकं केव्हाच मेली होती. येसूबाईंना मात्र हुरूप आला. त्यांच्या घरात एक नवंकोरं नाक होतं! त्यांनी लेकाला, दिपेशला, घरी पिटाळलं. "जा, तुझ्या बायकोला घेऊन ये."

प्रणाली तळा गावाकडची, चांगल्या हवेतली. लग्न होऊन आली तशी संध्याकाळ झाली की पदर नाकाशी. घास उतरेना, उलट्या थांबेनात. दोनदा माहेरी पळाली. लेकाचा संसार मोडतो की काय, या धास्तीनं येसूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आधी त्या कडाडल्या, "काय गो तुझे नाकाचे नखरे! आमी मेलो काय हितं?" मग गोडीत घेतलं, "होईल सवय." शेवटी गावदेवीला नारळ बोलल्या. तिसऱ्यांदा आली ती पोर टिकली, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

प्रणाली आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"सांग गो बाय साहेबांना, येतो ना वास? भिऊ नको."

प्रणालीनं खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग आनंदाची बातमी द्यावी तशी हसली.

"न्हाय ओ आई! आता कायच येत न्हाय. तुमी म्हणालात तसंच झालं."

साहेबांनी यंत्र पेटीत घातलं. गाडीतला ड्रायव्हर मघापासून नाकाला रुमाल लावून बसला होता. त्यानं काच आणखी वर घेतली आणि गाडी निघाली.

लोक येसूबाईंकडे बघत होते. पण येसूबाईंनी तरी सुनेला काय म्हणून बोलावं? देवीपुढचे शब्द त्यांचे स्वतःचे होते. 'आई, माझ्या सुनेला ह्यो वास येऊ देऊ नको.'

देवीनं ऐकलं होतं. आता नारळ द्यायचा राहिला होता.